मोबाईलवर तारे बघायचे तर आधी कंपास सरळ करा की

तारे ओळखायचं ॲप म्हणून स्टेलॅरियम घ्या नाहीतर स्काय मॅप, दोन्ही फुकट मिळतात, पण घरातनं निघायच्या आधीच टाकून ठेवा, बेळगावबाहेर अंधारात जांबोटीकडं गेलं की रेंजचा भरवसा नाही. येळ्ळूरचा गड जवळ पडतो खरा पण बेळगावचे लाईट लई, अंधुक तारे जातात.

आता मेन गोष्ट कंपास, म्हणजे फोनमधलं होकायंत्र, ॲप त्यावरनंच दिशा धरतं. मी एकदा फोन गाडीच्या टाकीवर ठेवून बघत होतो आणि ॲप गुरू भलत्याच दिशेला दाखवत होतं, टाकी लोखंडाची ना ओ! कव्हरला मॅग्नेट असेल तर तेपण काढा, गाडीपासनं लांब जाऊन फोन हवेत इंग्रजी आठसारखा चारपाच वेळा फिरवा. मग ध्रुवावर चेक करा. आपल्याकडं तो क्षितिजापासनं साधारण १६ अंशच वर असतो, म्हणजे हात ताठ करून दीड मूठ, त्यामुळं उत्तरेला झाड किंवा डोंगर आला की संपलं.

नाईट मोड लावून स्क्रीन लाल करा, ब्राईटनेस एकदम कमी. डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात आणि मध्येच व्हॉट्सॲप उघडलं की परत पहिल्यापासनं. पावसाळ्यात नादच सोडा, डिसेंबर-जानेवारीत या, मृग नक्षत्र ॲपशिवायच ओळखाल.