उत्तर इंग्लंडमधल्या म्युनिसिपल बसचा जुना फोटो: गाव आणि साल कसं काढायचं

फोटोत एक डबलडेकर उभी आहे, मागे गिरणीची चिमणी दिसते, आणि फोटोच्या पाठीवर एक अक्षरही नाही. अशा फोटोतून तीन गोष्टी काढायच्या असतात: गाव, बसचं साल आणि फोटोचं साल. शेवटच्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आधी मनाशी पक्कं करा. 1948 ची बस 1965 च्या फोटोत सहज सापडते. फोटोखालच्या बहुतेक चुकीच्या ओळी याच घोटाळ्यातून येतात.

प्रिंट 600 डीपीआयला स्कॅन करा, निगेटिव्ह मिळाली तर 2400 ला. त्याहून कमी घेतलं तर बारीक अक्षरं विरघळतात आणि सगळ्यात मोलाचा पुरावा हातचा जातो. मग फोटो उलटा छापलेला नाही ना, ते बघा. मुंबईसारखीच तिथेही वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे चढण्याची जागा बसच्या डाव्या अंगालाच हवी.

आता नंबरप्लेट. 1904 पासून प्रत्येक काउंटीला (म्हणजे जिल्ह्याला) आणि मोठ्या शहराला स्वतःची अक्षरं होती. लीड्स म्हणजे यू, यूए, यूबी, यूजी, यूएम, एनडब्ल्यू. ब्रॅडफर्ड एके, केयू, केडब्ल्यू, केवाय. हडर्सफील्ड सीएक्स आणि व्हीएच, हॅलिफॅक्स सीपी आणि जेएक्स, ब्लॅकपूल एफआर आणि एफव्ही, बोल्टन बीएन आणि डब्ल्यूएच, वॉरिंग्टन ईडी, रॉचडेल डीके, डार्लिंग्टन एचएन. 1932 पासून तीन अक्षरी नंबर आले. त्यात पहिलं अक्षर सोडून द्या आणि शेवटची दोन वाचा. एफएचएफ 451 मधलं एचएफ म्हणजे वॉलसी. आकडे आधी आणि अक्षरं नंतर असतील तर 1953 किंवा त्यानंतरची नोंदणी. शेवटी सालाचं अक्षर जोडण्याची सुरुवात 1963 मध्ये ए ने झाली, पण सगळ्या कचेऱ्यांना ते बंधनकारक झालं 1965 मध्ये, सी पासून. म्हणून सालाचं अक्षर नाही एवढ्यावरून बस 1963 च्या आधीची ठरवू नका.

नंबरप्लेट तीन ठिकाणी चकवते. विडनेस, लॅंकेस्टर, ॲक्रिंग्टन, ली यांसारख्या गावांना स्वतःची अक्षरं नव्हती. त्यांच्या बसवर लॅंकशर काउंटीची टीबी, टीसी, टीडी, टीई, टीएफ, टीजे दिसतात. तिथे प्लेट फक्त काउंटी सांगते, गाव बसवर रंगवलेल्या पालिकेच्या चिन्हावरून काढावं लागतं. दुसरं, ऑक्टोबर 1974 नंतर ही अक्षरं नव्या नोंदणी कचेऱ्यांकडे गेली आणि ब्रॅडफर्डची एके, केयू शेफील्डहून मिळू लागली. तिसरा चकवा म्हणजे जुनी विकत घेतलेली गाडी. ब्रॅडफर्डच्या अखेरच्या काळातल्या काही ट्रॉलीबसवर (वरच्या तारांमधून वीज घेऊन चालणाऱ्या बसवर) एफडब्ल्यूएक्स आहे. डब्ल्यूएक्स ही वेस्ट रायडिंग काउंटीची अक्षरं. या गाड्या मेक्सबरो अँड स्विंटन कंपनीच्या सनबीम बनावटीच्या एकमजली गाड्या होत्या. ती सेवा 1961 मध्ये बंद पडल्यावर ब्रॅडफर्डने त्या घेतल्या आणि जुन्या चॅसीवर (चाकं आणि यंत्रासकटच्या सांगाड्यावर) ईस्ट लॅंकशर कोचबिल्डर्सकडून नवी दुमजली बॉडी बसवून घेतली. प्लेट चाळिशीच्या दशकातली, बॉडी साठच्या दशकातली. म्हणून चॅसी आणि बॉडी यांचं साल नेहमी वेगवेगळं लिहा.

चॅसी ओळखायची ती पुढच्या रेडिएटरवरून. एईसीवर त्रिकोणी बिल्ला असतो, डेमलरच्या रेडिएटरचा माथा पन्हाळीसारखा खाचांचा असतो, आणि गाय मोटर्सच्या टोपणावर पिसांचा मुकुट घातलेलं आदिवासी डोकं. लेलँडचं नाव आपल्याला अशोक लेलँडमुळे घरचं आहे; ते प्रेस्टनच्या दक्षिणेला असलेल्या लेलँड गावावरून आलं. रेडिएटर पत्र्याखाली झाकलेला असेल तर बस बहुधा 1950 नंतरची. इंजिन मागे आणि दार पुढच्या चाकाच्याही पुढे असेल तर 1958 किंवा त्यानंतरची. बोजड, कोनाकोनाचं छप्पर आणि उघडणाऱ्या खिडक्या अगदी मोजक्या असतील तर ती 1942 ते 45 मधली युद्धकाळातली काटकसरीची बॉडी. पण अशा गाड्यांवर पुढे नव्या बॉड्या चढल्या, तेव्हा पुन्हा वरचाच नियम.

रंगावर कृष्णधवल फोटोत भरवसा ठेवू नका. हॅलिफॅक्सचा नारिंगी-हिरवा-क्रीम आणि हडर्सफील्डचा लाल-क्रीम करड्या छटांमध्ये फसवे दिसतात. त्याऐवजी क्रीम पट्टे किती आणि कुठे आहेत ते मोजा. ॲक्रिंग्टनच्या बसचे मडगार्ड काळे होते. 1916 मध्ये सॉमच्या लढाईत पडलेल्या गावच्या तरुणांसाठी ते सुतक असल्याचं सांगितलं जातं. काळं मडगार्ड मात्र फोटोत नीट दिसतं.

आता खरा खजिना. डाव्या बाजूला, खालच्या पॅनेलवर, साधारण बोटाच्या पेराएवढ्या अक्षरांत मालकाचं नाव, पत्ता आणि बहुतेक वेळा जनरल मॅनेजरचं नाव रंगवलेलं असतं. कायद्याने ते लिहावंच लागे. ब्लॅकपूलच्या बसवर वॉल्टर लफ हे नाव वाचता आलं, तर फोटो 1933 ते 1954 मधला. हडर्सफील्ड आणि हॅलिफॅक्सला महापालिका आणि रेल्वे कंपनी यांची जॉइंट ऑम्निबस कमिटी होती. एकाच गावात दोन मालकांच्या बस धावत, आणि कुठली कोणाची ते ही पॅनेलवरची अक्षरंच सांगतात.

मालकी कधी बदलली ते पाठ असू द्या. 1 नोव्हेंबर 1969 ला मॅंचेस्टर, सॅल्फर्ड, बोल्टन, बरी, रॉचडेल, ओल्डम यांच्यासह 11 म्युनिसिपल बससेवा सेलनेक या नव्या प्रादेशिक वाहतूक संस्थेत गेल्या. लिव्हरपूल, बर्कनहेड आणि वॉलसी 1 डिसेंबर 1969 ला मर्सीसाइडच्या संस्थेत, न्यूकासल आणि साउथ शील्ड्स 1 जानेवारी 1970 ला टाइनसाइडच्या. लीड्स, ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड, हॅलिफॅक्स आणि शेफील्ड 1 एप्रिल 1974 ला अशाच संस्थांत गेली. पण रंग एका रात्रीत बदलले नाहीत. जुन्याच रंगावर नवं चिन्ह चिकटवून गाड्या कितीतरी महिने धावल्या, त्यामुळे चिन्ह आणि पॅनेलची अक्षरं दोन्ही बघा. नावापुढे 'लिमिटेड' आलं, तर 26 ऑक्टोबर 1986 ला बससेवा नियंत्रणमुक्त झाल्या त्या वेळची किंवा त्यानंतरची म्युनिसिपल कंपनी. त्यातल्या ब्लॅकपूल आणि वॉरिंग्टन अजून पालिकेच्याच आहेत. विडनेसची हॅल्टन ट्रान्सपोर्ट जानेवारी 2020 मध्ये बंद झाली.

अंदाज पक्का करायला पीएसव्ही सर्कल या ब्रिटिश बसप्रेमींच्या संस्थेने केलेल्या ताफ्यांच्या याद्या घ्या. त्यात 'एच 44/33 एफ' अशी खूण असते: एच म्हणजे नेहमीच्या उंचीची डबलडेकर, वर 44 आसनं, खाली 33, एफ म्हणजे दार पुढे. आर असेल तर दार मागे. एच च्या जागी एल असेल तर पुलाखालून जाणारी बुटकी गाडी. तिच्यात वरच्या मजल्यावरची चालायची वाट एका बाजूला खाली दाबलेली असते. मग त्या गावच्या अभिलेखागारात ट्रान्सपोर्ट कमिटीची इतिवृत्तं मागा. 1930 च्या आसपासपर्यंत तिचं नाव बहुधा ट्रामवेज कमिटी असतं, त्यामुळे दोन्ही नावांनी शोधा. निविदा, भाव आणि गाड्यांची संख्या तिथेच सापडते.

फोटोखाली निष्कर्षाबरोबर कारणही लिहा, म्हणजे पुढच्याला तपासता येईल. उदाहरणार्थ: वॉलसी महापालिका, बस क्रमांक 1, एफएचएफ 451. लेलँड अटलांटियन चॅसी, मेट्रो-कॅमेल बॉडी, दोन्ही 1958. फोटो डिसेंबर 1958 ते नोव्हेंबर 1969 दरम्यानचा, कारण पॅनेलवर अजून वॉलसीचंच नाव आहे.