घड्याळ न बघता श्वास लांबवायचा असेल तर

श्वास मोजायला बसलं की लक्ष आकड्यांत अडकतं आणि टायमरचा तर ताणच येतो. मोजणी मंत्रावर सोपवा.

१. पाठ ताठ, ओठ मिटलेले. नाकाने श्वास घेताना मनात एकदा 'ॐ नमः शिवाय', सोडताना दोनदा. जप साधारण तीन सेकंदांचा ठेवला की उच्छ्वास आपोआप दुप्पट होतो. मंत्र कुठलाही चालेल, फक्त छोटा हवा.

२. दर श्वासाला अंगठा बोटाच्या पुढच्या पेरावर. चार बोटांची १२ पेरं म्हणजे पावणेदोन मिनिटं. तीन फेऱ्या पुरेत, माळ लागत नाही.

दुसरा जप संपण्याआधीच दम संपत असेल तर छाती भरून श्वास घेऊ नका, जपाचा वेग थोडा वाढवा. बहुतेकांचं इथेच बिनसतं.

नागपुरात मे महिन्यात पहाटे साडेपाचलाच बसा. कूलरची घरघर चालते (उलट बरी पडते), पण झोत थेट तोंडावर नको. नाक कोरडं पडलं की मग तोंडानेच श्वास सुरू होतो.

चक्कर किंवा मुंग्या आल्या तर लगेच थांबून नेहमीचा श्वास घ्या. रक्तदाब असेल किंवा गरोदर असाल तर श्वास रोखायच्या भानगडीत पडूच नका.