ब्लेडेड जिगला ट्रेलर लावताय? आधी या चुका टाळा

आमच्या डॅलसच्या मराठी मंडळींत सध्या बास या गोड्या पाण्यातल्या माशाच्या मासेमारीची साथ आली आहे. गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभा असलो तरी कोणीतरी मोबाईल पुढे करतं, "काका, हा ट्रेलर बघा ना, चालेल का?" फोटोत स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलेली जिग, म्हणजे गळाचं बनावट आमिष, आणि तिच्यामागे ओवलेला मऊ प्लास्टिकचा ट्रेलर असतो. ओट्यावर सगळेच ट्रेलर देखणे दिसतात. पाण्यात कसा चालतो, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "अजून टाकून नाही बघितला." म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय. पुढच्या गणपतीत मला मसालेभात गरम असताना खायचा आहे.

अगदी नवख्यांसाठी थोडक्यात. ब्लेडेड जिग म्हणजे जड डोक्याचा एक गळ, त्याभोवती सिलिकॉनची झालर म्हणजे स्कर्ट, आणि डोक्याच्या पुढे लटकणारा छोटा पत्रा, म्हणजे ब्लेड. सगळे तिला सरसकट चॅटरबेट म्हणतात. ते खरं तर झी-मॅन या कंपनीच्या मालाचं नाव आहे, पण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणणारे आपण, इथंही तेच करतो. लाईन ओढली की पाण्याच्या दाबानं ब्लेड डावं-उजवं हेलकावतं, डोक्यावर टकटक आपटतं, आणि सगळी जिग थरथरायला लागते. पाणी गढूळ असलं तरी ही थरथर बासला अंगावरच्या पार्श्वरेषेतून, म्हणजे कंपनं टिपणाऱ्या अवयवातून, कळते. गळावर मागून आपण जे मऊ प्लास्टिक ओवतो तो ट्रेलर. इथं काम ब्लेड करतं. ट्रेलर त्याचा मदतनीस आहे, नवरदेव नाही. बहुतेकांचं गाडं इथंच अडतं.

मोठा मासा हवा, म्हणून जाडजूड ट्रेलर

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे जरा ऐसपैस सांगतो.

मार्चचा पहिला आठवडा होता. आमच्यातला एक तरुण पहिल्यांदाच माझ्या बोटीतून लेक फोर्कला आला. पूर्व टेक्सासमधला हा तलाव ज्यांना माहीत आहे त्यांना त्याचा उत्साह समजेल. टेक्सासचा विक्रमी लार्जमाउथ बास याच पाण्यातला आहे, जानेवारी १९९२ मधला, १८.१८ पौंड म्हणजे सव्वाआठ किलोच्या आसपास. पठ्ठ्यानं हा आकडा पाठ केला होता आणि त्यावरून सरळ हिशोब मांडला होता : मोठ्या माशाला मोठा घास. ३/८ औंसच्या हलक्या जिगला त्यानं पाच इंची, अंगठ्याएवढा जाड पॅडल टेल ओवला होता. पॅडल टेल म्हणजे ज्याच्या शेपटीला चपटी वल्ह्यासारखी टाच असते तो.

पाणी ५४ फॅरनहाइट होतं, म्हणजे जेमतेम १२ सेल्सिअस. मी अर्ध्या औंसच्या जिगला चार इंची सडपातळ, सरळ शेपटीचा ट्रेलर लावून त्याच पाणगवताच्या कडेनं फेकत होतो. अकरा वाजेपर्यंत मला चार मासे लागले, त्याला एकही नाही. मग तो म्हणाला, "काका, तुमची बाजू चांगली आहे." बरं बाबा, म्हटलं, आणि मी बोटीच्या मागच्या टोकाला गेलो. तिथं पाचवा लागला. पठ्ठ्याचं तोंड पाहवेना.

तेव्हा मी त्याचा रॉड मागून घेतला आणि त्याची जिग बोटीलगत, डोळ्यांसमोर, हळू ओढून पाहिली. ब्लेड एका बाजूला कलून नुसतं बसलं होतं. मध्येच एकदा फडफडायचं, पुन्हा गप्प, वीज कमी-जास्त होताना पंखा फिरतो तसं. सकाळपासून हा गृहस्थ चॅटरबेट नव्हे तर नुसता जाड रबरी मासा ओढत होता, आणि तोही उताणा पडायच्या बेतात.

असं का होतं? ब्लेड जिगचं डोकं दोन्ही बाजूंना हलवतं तेव्हा त्याच्याबरोबर मागचा सगळा ट्रेलरही हलवावा लागतो. ट्रेलर जितका जाड आणि लांब, तितकं ते ओझं. त्यात पॅडलच्या शेपटीची स्वतःची लय असते. ती एका तालात वळवळते, ब्लेड दुसऱ्या, आणि दोघं एकमेकांची गती मारतात. शिवाय रुंद ट्रेलर पाण्यावर रेलतो आणि जिगला वर उचलतो. हलकी जिग मग ना खोल जात, ना थरथरत. थंड पाण्यात मासा सुस्त असतो म्हणून आपण सावकाश ओढतो, आणि सावकाश ओढताना तर जाड ट्रेलर हलवायला ब्लेडला जोरच मिळत नाही.

त्याला म्हटलं, या ट्रेलरचं डोकं कापून तो इंचभर छोटा कर. पाकिटाला सहा डॉलर मोजले होते, कात्री लावायला मन होईना. शेवटी माझ्यातला एक दिला. दोनच्या सुमारास त्याला १९ इंची लागला. लेक फोर्कला १६ ते २४ इंचांमधला बास ठेवता येत नाही, लगेच पाण्यात सोडावा लागतो, हे त्याला तेव्हा कळलं. "फोटो तरी?" म्हणाला. फोटो काढला आणि सोडला.

याचा अर्थ जाड ट्रेलर वाईट असा नाही, आणि हे माझ्या नावावर कोणी खपवू नये. मे महिन्यात पाणी कोमट आहे, गवत वाढून पृष्ठभागाच्या फूटभर खालपर्यंत आलंय आणि जिग त्याच्या शेंड्यांवरून अलगद न्यायची आहे, अशा वेळी मीही पॅडल टेल नाहीतर नांग्या हलवणारा क्रॉ, म्हणजे क्रेफिशच्या आकाराचा ट्रेलर, लावतो. तिथं तो उचलणारा गुण कामाला येतो, जिग वर राहते आणि सावकाश ओढता येते. फक्त मग जिग अर्धा किंवा पाऊण औंसची घेतो. थंड पाणी, स्वच्छ पाणी किंवा जोरात ओढायचं असेल तर सडपातळ. गवत-गढूळ-गरम असेल तर भरदार. ब्रेट हाइट हा ब्लेडेड जिगचा नावाजलेला व्यावसायिक खेळाडू. यामामोटो कंपनीचा झाको हा त्याच्या कल्पनेतला ट्रेलर चार इंची आहे, पाच-सहा इंची नव्हे, एवढं लक्षात घ्या.

माझी सवय सांगतो. नवा ट्रेलर लावला की पहिली फेक लांब टाकत नाही. बोटीच्या किंवा धक्क्याच्या कडेला तीनदा ओढतो : सावकाश, मध्यम, जोरात. सावकाश ओढताना रॉडचं टोक थरथरलं पाहिजे. सुरुवातीला एक हलका झटका दिल्यावर ब्लेड सुरू झालं तर चालेल, प्रत्येक फेकीनंतर तसा झटका द्यायचा असतोच. पण सुरू होऊन मध्येच बंद पडत असेल तर ट्रेलर दोषी. काढा. या तपासणीला अर्धं मिनिट लागतं, आणि दहातले नऊ नवखे ते अर्धं मिनिट देत नाहीत.

वाकडा ओवलेला ट्रेलर

माझे मामा दाभोळला वाशिष्ठीच्या खाडीत हातदोऱ्यानं मासे पकडायचे. आमिष म्हणून कोळंबी. मी लहानपणी घाईघाईनं कोळंबी गळाला टोचली की ते ती काढून पुन्हा ओवायला लावायचे. वाकडी ओवलेली कोळंबी प्रवाहात भिंगरीसारखी फिरते आणि दोऱ्याला पीळ बसतो, हे त्यांचं कारण. प्लास्टिकचंही तेच. ट्रेलर जिगशेजारी धरा, गळाचं टोक कुठं बाहेर येईल तिथं नखानं खूण करा, मग बरोबर मधोमध ओवा. ओवल्यावर ट्रेलर कुबड्या दिसत असेल किंवा ताणला गेला असेल तर काढून परत. दुसऱ्या भोकानं ट्रेलर सैल झाला तर तो गेला, नवा घ्या. इथं काटकसर करू नका.

सरकून खाली येणाऱ्या ट्रेलरला सुपरग्लूचा एक थेंब पुरतो. ट्रेलरचं नाक जिगच्या डोक्याला टेकतं तिथं लावायचा. दोन थेंब लावले की बोटंही चिकटतात.

सगळं प्लास्टिक एकाच डब्यात

हा मूर्खपणा माझा स्वतःचा, त्यामुळे कोणावर ओरडत नाही.

मऊ प्लास्टिकच्या दोन जाती आहेत. नेहमीचं प्लास्टिसोल, म्हणजे पीव्हीसीमध्ये तेलकट द्रव मिसळून केलेलं. ते मऊ असतं, मीठ घातलेलं असेल तर आणखी नाजूक, दोन-तीन माशांत फाटतं. दुसरं टीपीई, रबरबँडसारखं ताणलं जाणारं. ते तरंगतं, आणि इतकं चिवट की एका ट्रेलरवर दिवस निघतो. पाकिटावर सूचना असते की हे इतर प्लास्टिकसोबत ठेवू नका. मी ती वाचली होती. वाचून सगळं एकाच डब्यात ओतलं, कारण रंगवार कप्पे लावलेला डबा फार छान दिसत होता.

जुलै महिना, टेक्सासचं गॅरेज. दोन आठवड्यांनी डबा उघडला तर आत काकवी. हिरवी, काळी आणि पांढरी अशी तीन रंगांची चिकट काकवी, मध्ये कुठे कुठे एखादी शेपटी वर आलेली. त्या तेलकट द्रवानं टीपीई विरघळलं होतं, डब्याचा तळही मऊ पडून वाकला होता. दोन जिगही त्याच डब्यात होत्या, त्यांचे स्कर्ट त्या लगद्यात रुतून बसले. सुरीनं खरवडताना बायको दारात उभी राहून म्हणाली, "हा तुझा शनिवारचा आराम का?"

तेव्हापासून प्रत्येक जात आपापल्या मूळ पाकिटात. डबा देखणा दिसत नाही. नको दिसू दे. आणि जिगवर लावलेला ट्रेलर रात्री काढून ठेवतो, विशेषतः शेजारच्या जिगवर दुसऱ्या जातीचा असेल तर.

गाडीत उन्हानं शेपट्या वाकल्या असतील तर साधं प्लास्टिसोल काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवा आणि सपाट जागेवर सरळ ठेवून गार होऊ द्या. सरळ होतं. चहाचं भांडं मात्र वापरू नका, सांगून ठेवतो.

किरकोळ पण रोजच्या

रंगावरून रात्र जागवणं. पांढऱ्या स्कर्टला पांढरा, हिरव्या-तपकिरीला हिरवा-तपकिरी, झालं. हिवाळा संपता संपता टेक्सासमध्ये लाल क्रॉ जवळ ठेवतो, एवढीच माझी चैन.

मासा तोंड लावतो पण गळाला लागत नाही, नुसती शेपटी कुरतडून जातो : ट्रेलर लांब आहे. पुढून कापा, मागून नव्हे. शेपटी कापली की त्याची चाल जाते.

ब्लेडच्या पुढच्या स्नॅपऐवजी (लाईन बांधायची छोटी क्लिप) थेट ब्लेडलाच गाठ मारणं. तो स्नॅप ब्लेडला मोकळं हलू द्यायलाच दिलेला असतो.

दर पाच फेकींनी ट्रेलर बदलणं. हे व्हिडिओ पाहून शिकलेल्यांचं लक्षण. व्हिडिओत बारा मिनिटांत आठ मासे दिसतात, मधले सहा तास कापलेले असतात. ट्रेलर बोटीकडेच्या तपासणीत पास झाला असेल तर आधी ओढायचा वेग बदला, मग खोली बदला, मग जागा. ट्रेलर सगळ्यात शेवटी.

आणि फाटलेला ट्रेलर पाण्यात फेकणं. मासे तो गिळतात आणि तो पोटात पचत नाही. मी जॅकेटच्या डाव्या खिशात ठेवतो आणि घरी कचऱ्यात टाकतो. मागच्या आठवड्यात विसरलो. ड्रायरमधून घरच्यांच्या मोज्यांबरोबर एक लाल क्रॉ बाहेर आला, चांगला कोरडा, दोन्ही नांग्या शाबूत.