गिल्ड वॉर्स २ : ऐंशीव्या लेव्हलनंतर गिअर, क्राफ्टिंग आणि गोल्डची घडी कशी बसवावी

गिल्ड वॉर्स २ या ऑनलाइन गेममध्ये कॅरॅक्टर ८० व्या लेव्हलला पोचलं की बहुतेकांची एक चूक ठरलेली असते. अंगावर वाटेत मिळालेलं निळं-हिरवं, म्हणजे खालच्या दर्जाचं गिअर (शस्त्रं, आर्मर, दागिने) असतं, नव्या मॅपवर प्रत्येक शत्रू जड जातो, चांगलं गिअर घ्यायला गोल्ड नसतं. मग कुणीतरी सांगतं, क्राफ्टिंग शीक, स्वतःच बनव. होतं नव्हतं ते गोल्ड साहित्यात जातं, क्राफ्टिंग अर्ध्यावर अडकतं आणि गिअर तसंच राहतं. मीही पहिल्या वेळी हेच केलं होतं. नंतर लक्षात आलं की तिन्ही गोष्टी बरोबर होत्या, क्रम उलटा होता. आधी गिअर, मग विकायची शिस्त, आणि क्राफ्टिंग सगळ्यात शेवटी.

घाई करायचं तर कारणच नाही. हा गेम ऑगस्ट २०१२ मध्ये आला तेव्हा कमाल लेव्हल ८० होती, आजही ८० आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये असेंडेड दर्जाचं गिअर आलं आणि त्यानंतर त्याहून वरचढ स्टॅट (ताकदीचे आकडे) असलेलं काही आलेलं नाही. लेजेंडरीचे स्टॅटही असेंडेडइतकेच असतात, त्यात फक्त ते हवे तेव्हा बदलायची सोय असते. दर नव्या एक्स्पान्शनला जुनं गिअर टाकून द्यावं लागतं, तसं इथे होत नाही. आज केलेली खरेदी अनेक वर्षं अंगावर राहणार आहे, म्हणून ती शांतपणे करा.

पहिली पायरी : एकच स्टॅट ठरवा

गिअरचा दर्जा रंगावरून कळतो. निळा फाइन, हिरवा मास्टरवर्क, पिवळा रेअर, नारिंगी एक्झॉटिक, गुलाबी असेंडेड, जांभळा लेजेंडरी. हिरव्यावरून नारिंगीवर गेलात की फरक पहिल्याच लढाईत जाणवतो. नारिंगीवरून गुलाबीवर जाताना स्टॅटमध्ये साधारण ५ टक्क्यांचीच वाढ होते, पण खर्च कितीतरी पट. त्यामुळे पहिलं ध्येय सरळ आहे : सगळ्या जागी ८० लेव्हलचं एक्झॉटिक.

पण रंगापेक्षा महत्त्वाचं आहे ते नावापुढे लागणारं स्टॅटचं विशेषण. थेट वार करणाऱ्या बिल्डसाठी (बिल्ड म्हणजे कॅरॅक्टरच्या कौशल्यांची आणि गिअरची मांडणी) ‘बर्सर्कर’ घ्या. त्यात पॉवर, प्रिसिजन आणि फेरोसिटी असतात. पॉवरने प्रत्येक वार जड होतो, प्रिसिजनने क्रिटिकल लागण्याची शक्यता वाढते आणि फेरोसिटीने तो क्रिटिकल किती मोठा ते ठरतं. या तिघांची बेरीज नाही, गुणाकार होतो. म्हणून सहा आर्मरपैकी दोन बर्सर्कर, एक हीलिंगचं, एक टफनेसचं (बचावाचं) अशी खिचडी केली की कशातच जोर राहत नाही. बर्सर्करमध्ये फारच मरायला होत असेल तर ‘मरॉडर’ पाहा. त्यात हेच तिन्ही असतात आणि शिवाय व्हायटॅलिटी, म्हणजे जास्त हेल्थ. विष, आग, रक्तस्राव अशा कंडिशनवर चालणारी बिल्ड असेल तर पुढे ‘व्हायपर’कडे जावं लागेल. तो मात्र महाग पडतो, पहिल्या संचासाठी मी सुचवणार नाही.

खरेदी ट्रेडिंग पोस्टवर, म्हणजे खेळाडूंच्या सामायिक बाजारात करा. हेवी आर्मरवाल्यांनी (वॉरियर, गार्डियन, रेव्हनंट) ‘ड्रॅकोनिक’ शोधावं, मीडियमवाल्यांनी (रेंजर, थीफ, इंजिनिअर) ‘एम्ब्लेझन्ड’ आणि लाइटवाल्यांनी (एलिमेंटलिस्ट, मेस्मर, नेक्रोमॅन्सर) ‘एक्झॉल्टेड’. हे क्राफ्ट केलेले नेहमीचे संच आहेत. सगळ्यात आधी शस्त्र घ्या, कारण शस्त्राची ताकद नुकसानाच्या हिशोबात थेट धरली जाते. समोर दिसणाऱ्या विक्रीच्या भावाला लगेच हात घालू नका. खरेदीची ऑर्डर सर्वांत वरच्या बोलीपेक्षा एक कॉपर जास्त देऊन लावा आणि खेळायला निघून जा. मागणी असलेली वस्तू असेल तर ऑर्डर बहुधा परत येईपर्यंत भरलेली असते.

गोल्ड अगदीच नसेल आणि कर्मा (गेममधलं दुसरं एक चलन) साठला असेल तर ऑर या प्रदेशातल्या मंदिरांजवळचे विक्रेते ४२,००० कर्माला एक एक्झॉटिक आर्मर देतात. मंदिर शत्रूच्या ताब्यात असेल तर आधी ते सोडवावं लागतं. कोणत्या मंदिरात कोणते स्टॅट मिळतात ते आधी बघून मग जा.

ट्रिंकेटवर, म्हणजे अ‍ॅम्युलेट, दोन अंगठ्या, दोन अ‍ॅक्सेसरी आणि पाठीवरच्या वस्तूवर, फार गोल्ड घालवू नका. इथे असेंडेड मिळवणं सर्वांत सोपं आहे. विझर्ड्स व्हॉल्टमधून (रोजच्या आणि आठवड्याच्या कामांची बक्षीस-यादी) लॉरेल नावाचं चलन मिळतं आणि ३० लॉरेलना असेंडेड अ‍ॅम्युलेट येतं. लिव्हिंग वर्ल्ड या कथामालिकेचा तिसरा सीझन तुमच्याकडे असेल तर बिटरफ्रॉस्ट फ्रंटियरमधल्या विंटरबेरी, एम्बर बेमधलं पेट्रिफाइड वुड अशी त्या त्या मॅपची चलनं गोळा करून उरलेली ट्रिंकेट घेता येतात. बेरीची झुडपं प्रत्येक कॅरॅक्टरला रोज नव्याने तोडता येतात, म्हणजे तीन कॅरॅक्टर असतील तर तिप्पट बेरी. असेंडेड ट्रिंकेट अकाउंटला बांधलेली असल्याने ती तुमच्या कुठल्याही कॅरॅक्टरला घालता येतात.

दुसरी पायरी : बॅगेत आलेल्या लुटीचं काय करायचं

नवख्यांचं गोल्ड मिळवताना कमी पडत नाही, ते बॅग रिकामी करताना वाया जातं. राखाडी वस्तू विक्रेत्याला विकून टाका, तिथे विचार करण्यासारखं काही नाही. निळ्या आणि हिरव्या वस्तू विकू नका, स्वस्तातल्या किटने सॅल्व्हेज करा, म्हणजे मोडून साहित्य काढा. त्यातून कापड, चामडं, धातू, लाकूड तर मिळतंच, शिवाय ‘एसेन्स ऑफ लक’ मिळतो. तो वापरला की मॅजिक फाइंड (चांगली लूट मिळण्याची शक्यता) कायमचं वाढतं, त्याची मर्यादा ३०० टक्के आहे. पहिल्या दिवसापासून सॅल्व्हेज करणारा आणि सगळं विक्रेत्याच्या गळ्यात मारणारा यांच्यातला फरक वर्षभराने स्पष्ट दिसतो.

६८ आणि त्यावरच्या लेव्हलच्या पिवळ्या वस्तूंना वेगळा नियम आहे, कारण त्या मोडल्या की ‘ग्लॉब ऑफ एक्टोप्लाझम’ (थोडक्यात एक्टो) हे साहित्य निघू शकतं. मास्टर्स सॅल्व्हेज किट १५ सिल्व्हर ३६ कॉपरला मिळतं आणि २५ वेळा चालतं, म्हणजे एका वापराला साधारण ६१ कॉपर. अनेक वस्तू मोडल्यावर सरासरी एका वस्तूमागे एकाहून जरा कमी एक्टो पडतं. म्हणून पिवळी वस्तू हातात आली की तिचा भाव आणि एक्टोचा भाव शेजारी ठेवा. वस्तूचा भाव जास्त असेल तर विका, नाहीतर मोडा. नारिंगी वस्तू मात्र भाव पाहिल्याशिवाय कधीच मोडू नका. कधी कधी वस्तू स्वस्त असते आणि तिच्यात बसवलेला रून किंवा सिजिल महाग असतो.

शेवटी ‘डिपॉझिट’ दाबा. सगळं साहित्य मटेरियल स्टोरेजमध्ये जातं आणि प्रत्येक प्रकारासाठी सुरुवातीची मर्यादा २५० असते. एखादा प्रकार भरला आणि येत्या महिन्यात तो लागणार नसेल, तर जास्तीचं विकून मोकळे व्हा.

तिसरी पायरी : १५ टक्के डोक्यात पक्के बसवा

ट्रेडिंग पोस्टवर वस्तू लावताना ५ टक्के शुल्क लगेच कापलं जातं आणि विकली गेल्यावर आणखी १० टक्के. २ गोल्डला लावलेली वस्तू विकली गेली की हातात १ गोल्ड ७० सिल्व्हर येतात. लावलेली वस्तू मागे घेतली तर सुरुवातीचे ५ टक्के गेले ते गेले. म्हणून मनात येईल तो भाव लावून पुन्हा पुन्हा काढत बसू नका.

यातून एक आकडा पाठ करा. साहित्य विकत घेऊन काही बनवत असाल तर एकूण खर्चाला ०.८५ ने भागा. १ गोल्डचं साहित्य लागलं असेल तर वस्तू किमान १ गोल्ड १७ सिल्व्हर ६५ कॉपरला जायला हवी. त्याखाली विकलीत तर तुम्ही मेहनत करून तोटा केला.

आता यातली खरी मेख. ‘लोखंड मी स्वतः खणलं, म्हणजे फुकट’ असं जवळपास प्रत्येक जण म्हणतो. ते फुकट नाही. ते तसंच विकलं असतं तर जे गोल्ड आलं असतं, तीच त्याची किंमत. मात्र स्वतः गोळा केलेल्या साहित्याला १७ टक्क्यांची अट लागत नाही, कारण ते कच्चं विकलं तरी तेच १५ टक्के कापले जाणार असतात. अशा वेळी कच्च्या मालाचा भाव आणि तयार वस्तूचा भाव यांची थेट तुलना पुरते. म्हणूनच विकत घेतलेल्या साहित्यावर तोट्यात जाणारी वस्तू गोळा केलेल्या साहित्यावर फायद्यात येऊ शकते. धातूच्या विटा, लाकडाच्या फळ्या आणि कापडाचे तागे यांत असे छोटे फरक सतत सापडतात.

चौथी पायरी : आता क्राफ्टिंग

अनेक प्रकारची क्राफ्टिंग आहेत आणि एका कॅरॅक्टरवर साधारणपणे दोन एका वेळी चालू ठेवता येतात. तिसरं घेतलं तरी आधीच्याची लेव्हल पुसली जात नाही, परत येताना थोडं शुल्क पडतं एवढंच. तुमच्या आर्मरच्या वजनाचं एक आणि शस्त्राचं एक अशी जोडी निवडा. वेपनस्मिथ जवळच्या वाराची शस्त्रं बनवतो. हंट्समन धनुष्य-बंदुका बनवतो. स्टाफ आणि सेप्टर आर्टिफिसरकडे. लेव्हल वाढवताना एकाच पाककृतीच्या पन्नास वस्तू बनवू नका. डिस्कव्हरीत नवनवीन जोड्या शोधल्या की अनुभव जास्त मिळतो आणि साहित्य वाचतं. ४०० पर्यंत रमतगमत जा. ४०० ते ५०० हा टप्पा महाग आहे, असेंडेड बनवायची वेळ आल्याशिवाय त्यात पडू नका.

४५० ला एक चांगली गोष्ट हाती लागते. मिथ्रिलियम, एल्डर स्पिरिट रेसिड्यू, सिल्क वीव्हिंग थ्रेड आणि थिक एलोनियन कॉर्ड या वस्तू दिवसातून एकदाच बनवता येतात आणि त्यांच्याशिवाय असेंडेड बनत नाही. मिथ्रिलियमपासून डेल्ड्रिमॉर स्टील होतं आणि ते विकता येतं. रोज एक बनवायला मिनिटही लागत नाही. विकण्याआधी वरचा भागाकार करून पाहा, काही दिवस फायदा असतो, काही दिवस नसतो.

डेल्ड्रिमॉर स्टीलला लोखंड, पोलाद आणि डार्कस्टीलच्या विटाही लागतात. असेंडेडला लागणाऱ्या डमास्कच्या कापडाला लोकर, सुती आणि लिनन लागतं. खालच्या लेव्हलच्या मॅपवरचं साधं साहित्य अनेकदा बरा भाव का खातं, ते यावरून कळेल. वरच्या खेळाडूंना ते हवं असतं, पण तिकडे खणायला कुणी जात नाही. नवीन कॅरॅक्टर वाढवताना दिसेल ती खाण, दिसेल ते झाड सोडू नका.

पाचवी पायरी : गोल्ड कुठून आणायचं

विझर्ड्स व्हॉल्टची दैनंदिन आणि साप्ताहिक कामं आधी करा. त्यातून मिळणाऱ्या अ‍ॅस्ट्रल अक्लेमवर लॉरेल, मिस्टिक कॉइन आणि थेट गोल्डच्या थैल्या घेता येतात. मग वर्ल्ड बॉस. टेकॅटल, शॅटरर यांच्या वेळा ठरलेल्या असतात आणि दिवसाच्या पहिल्या विजयाला पिवळी वस्तू नक्की मिळते. ती कुठे जाते ते दुसऱ्या पायरीत आलंच आहे. हाताशी तास-दीड तास असेल तर ऑरिक बेसिन, ड्रॅगनफॉल, ड्रिझलवुड कोस्ट किंवा सिल्व्हरवेस्ट्सच्या मेटा इव्हेंटला (मॅपभर चालणारा मोठा इव्हेंट) एलएफजीतून, म्हणजे गट शोधायच्या यादीतून, स्क्वॉडमध्ये (मोठ्या गटात) शिरा. एकट्याने या मॅपवर फिरण्याला अर्थ नाही.

तिथे रक्ताच्या कुप्या, नखं, सुळे, खवले, हाडं असं सहाव्या श्रेणीचं साहित्य पडतं. जुन्या लेजेंडरी शस्त्रांच्या गिफ्टसाठी (ती बनवायला लागणारे घटक) ते प्रत्येकी २५० लागतं, त्यामुळे मागणी आटत नाही. तुम्हाला लेजेंडरी लगेच करायचं नसेल तर सुरुवातीचं भांडवल याच्यातूनच उभं करा. ते गोल्ड आधी मोठ्या बॅगांवर घाला. बॅग भरली म्हणून लूट सोडून द्यावी लागणं हा सगळ्यात महागडा खर्च आहे.

मिस्टिक फोर्जमध्ये (चार वस्तू टाकून नवी काढायची भट्टी) प्रिकर्सर, म्हणजे लेजेंडरी शस्त्रासाठी लागणारं मूळ शस्त्र, निघेल या आशेने चार-चार वस्तू टाकत बसू नका. बाहेरून पैसे देऊन गोल्ड घेतलंत तर अकाउंट बंद होऊ शकतं. या गेममध्ये दोन खेळाडूंमधल्या थेट अदलाबदलीची खिडकीच नाही. ‘आधी तू मेलने पाठव, मग मी पाठवतो’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. फ्री अकाउंट असेल तर ट्रेडिंग पोस्टवर मोजक्याच वस्तूंचा व्यवहार करता येतो, हेही आधी जाणून घ्या.

असेंडेड कधी बनवावं

फ्रॅक्टल या पाच जणांच्या मोहिमांच्या वरच्या श्रेणीत जायचं ठरलं की. तिथे अ‍ॅगनी या खास नुकसानाचा मारा असतो, तो सोसायला इन्फ्युजन (गिअरमध्ये बसवायचे जोड) लागतात आणि इन्फ्युजनच्या जागा असेंडेड गिअरमध्ये असतात. त्याआधी एक्झॉटिकवर सगळा खुला नकाशा, सगळ्या कथा आणि बरेच स्ट्राइक (गटाने करायच्या बॉसच्या लढती) आरामात होतात. सुरुवात शस्त्राने करा, आर्मर नंतर. आर्मर बनवताना कुठल्या वजनाची कॅरॅक्टर तुमच्याकडे जास्त आहेत ते मोजा. एक हेवी संच वॉरियर, गार्डियन आणि रेव्हनंट तिघांनाही चालतो. आणि बिल्ड बदलली म्हणून तो फेकून द्यावा लागत नाही. हव्या त्या स्टॅटचा इन्सिग्निया (आर्मरचे स्टॅट ठरवणारा भाग) आणि थोडं साहित्य घालून मिस्टिक फोर्जमध्ये त्याच आर्मरचे स्टॅट बदलून घेता येतात. फक्त टाकण्यापूर्वी त्यातला रून आणि इन्फ्युजन काढून ठेवा, तिथून ते परत मिळत नाहीत.