एअरसॉफ्टच्या गिअरबॉक्समध्ये जादा ताकदीची स्प्रिंग बसवताना या चुका टाळा

एअरसॉफ्ट म्हणजे प्लास्टिकचे छर्रे मारणारी खेळातली विजेरी बंदूक. तिच्या छर्ऱ्याचा वेग कमी पडू लागला की पहिला संशय गिअरबॉक्समधल्या स्प्रिंगवर जातो आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. सिलिंडरमधून हवा गळत असताना एम१०० स्प्रिंगऐवजी एम१२० (आकडा म्हणजे छर्ऱ्याचा सेकंदाला मीटरमधला अंदाजे वेग) बसवली, तर वेग थोडा वाढेल, परंतु गळती तशीच राहून गिअरवरचा भार मात्र वाढेल. म्हणून आधी पिस्टन, सिलिंडर, सिलिंडर हेड व नॉझल एकत्र जुळवून नॉझलचे तोंड बोटाने घट्ट बंद करावे आणि पिस्टन पुढे दाबून पाहावा. तो सहज सरकला, तर ओ-रिंग (हवा अडवणारे रबरी कडे) बदलावी.

वेगापेक्षा ऊर्जेचा हिशेब महत्त्वाचा आहे. ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटला तर १ ज्यूल, १२० मीटरने सुटला तर १.४४ ज्यूल. ब्रिटनमध्ये २०१७च्या कायद्याने स्वयंचलित एअरसॉफ्ट बंदुकीला १.३ ज्यूलची मर्यादा घातली आहे, तर जपानमध्ये ती १ ज्यूलच्याही आत आहे. त्यामुळे तेथे एम१२० स्प्रिंग विकत घेण्याचा विचारच करू नये.

एम४ आणि एमपी५ प्रकारांच्या बंदुकांत येणारा व्हर्जन २ गिअरबॉक्स नेमका पुढच्या बाजूला, सिलिंडरच्या खिडकीच्या काटकोनी कोपऱ्यांतून तडकतो, कारण पिस्टनचा प्रत्येक तडाखा शेवटी तेथील पातळ धातूवर येतो. हे कोपरे बारीक कानशीने गोलाकार करावेत आणि सिलिंडर हेडवर रबरी पॅड चिकटवावे. पॅडमुळे पिस्टन किंचित मागे थांबतो आणि सेक्टर गिअरचा (पिस्टनला मागे ओढणाऱ्या गिअरचा) पहिला दात त्याच्या दात्याला तिरका न लागता सपाट भिडतो. हा कोन न साधता केवळ महागडा पिस्टन घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. उघडल्यावर पिस्टनचा फक्त पहिला दाता तुटलेला दिसला, तर दोष बहुधा याच कोनाचा असतो.

शिमिंगचा, म्हणजे गिअरच्या बाजूंना पातळ चकत्या घालून ते नीट बसवण्याचा, कंटाळा करू नये. गिअर बोटाने फिरवल्यावर मोकळे फिरावेत, परंतु बाजूंना नावापुरतेच हलावेत. बुश (गिअरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी) प्लास्टिकचे असल्यास पोलादी बसवावेत. जोरदार स्प्रिंगखाली स्वस्त बेअरिंग फुटण्याची शक्यता असते. जोडणीनंतर मोटार किंचाळत असेल, तर मूठीच्या तळाचा स्क्रू थोडाथोडा फिरवून तिची उंची जुळवावी.

गिअरबॉक्सचे शेल (कवच) उघडण्यापूर्वी अँटी-रिव्हर्सल लॅच (गिअर उलटे फिरू न देणारा खटका) सोडून स्प्रिंगचा ताण काढावा, मागच्या छिद्रातून स्क्रूड्रायव्हर घालून स्प्रिंग गाइड धरून ठेवावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

जुनी मोटार ओढत नाही म्हणून ७.४ व्होल्टऐवजी ११.१ व्होल्टची बॅटरी जोडण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात ट्रिगरचे संपर्क जळतात. १८:१ प्रमाणाचे गिअर (मोटारीच्या सुमारे १८ फेऱ्यांना सेक्टर गिअरची एक) तसेच ठेवून निओडिमियम चुंबकाची जादा टॉर्कची मोटार आणि मॉस्फेट (मोटारीचा प्रवाह ट्रिगरच्या संपर्कांऐवजी स्वतःवर घेणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बसवणे अधिक शहाणपणाचे.