तिन्ही काटे एकदम टोकाला गेले तेव्हा
न्यू जर्सीत माझ्याकडे असलेली १९६६ची फोर्ड मस्टँग, २८९ घनइंची व्ही-८ इंजिनाची, वयाच्या मानाने ठणठणीत आहे. गेल्या महिन्यात मात्र इंधन, तापमान आणि तेलदाब यांचे तिन्ही काटे एकदम टोकाला गेले. टाकी अर्धी, रेडिएटर थंड. म्हणजे दोष इंजिनात नव्हता. या काट्यांना डॅशबोर्डामागचा एकच व्होल्टेज रेग्युलेटर आतल्या संपर्काची सतत उघडझाप करून बारा व्होल्टांचे सरासरी पाच करून पुरवतो, आणि त्याचे अर्थिंग (स्क्रूमधून गाडीच्या धातूशी होणारी जोडणी) तुटले की तो संपर्क उघडतच नाही व पूर्ण बारा व्होल्ट पुढे जातात. बॅटरी सोडवून मीटरचा संच बाहेर काढला, तेव्हा रेग्युलेटरच्या स्क्रूखाली तांबूस गंज दिसला. (घाईने मागवलेला नवा रेग्युलेटर आता फडताळात पडून आहे.) पॉलिश पेपरने गंज घासून स्क्रू आवळला, इंजिन तापल्यावर तापमानाचा काटा सावकाश मध्यावर येऊन थांबला.