व्यासावरून वर्तुळाचं क्षेत्रफळ, त्रिज्या न काढता

क्षेत्रफळ म्हटलं की पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग, हे सूत्र तोंडपाठ असतं. पण समोरच्या गोल झाकणावर मध्यबिंदू कुणी खूण करून ठेवलेला नसतो. पट्टीने मोजता येतो तो व्यास. मग थेट व्यासाचाच वर्ग करा आणि त्याला ०.७८५४ ने गुणा.

हा आकडा म्हणजे ३.१४१६ चा चौथा हिस्सा. त्रिज्या व्यासाच्या निम्मी असते आणि निम्म्याचा वर्ग केला की पाव होतो, म्हणून भागिले ४. वर्तुळाला चारही बाजूंनी टेकणारा चौरस काढून पाहा. त्याची बाजू व्यासाएवढी असते आणि वर्तुळ त्याचा साधारण साडेअठ्ठ्याहत्तर टक्के भाग व्यापतं, बाकीचा चार कोपऱ्यांत उरतो. उत्तर व्यासाच्या वर्गाच्या पाऊणपटीहून किंचित जास्त यायलाच हवं. वर्गाच्या तिप्पट आलं, तर व्यासालाच त्रिज्या धरलं गेलंय. सर्वांत जास्त घडणारी चूक हीच, आणि तिने उत्तर चौपट होतं.

समजा व्यास ४२ सेंमी आहे. ४२ × ४२ = १७६४, आणि १७६४ × ०.७८५४ = १३८५.४५ चौ. सेंमी. कॅल्क्युलेटर नसेल तर वर्गाला १४ ने भागून ११ ने गुणा: १७६४ ÷ १४ = १२६, १२६ × ११ = १३८६. फरक जेमतेम अर्ध्या चौरस सेंटिमीटरचा. या दोन्ही रीती भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त दिल्या आहेत: सूक्ष्म उत्तरासाठी व्यासाचा वर्ग गुणिले ३९२७ भागिले ५०००, स्थूल उत्तरासाठी गुणिले ११ भागिले १४. ३९२७ ला ५००० ने भागून पाहा, नेमकं ०.७८५४ येतं.

खरी काळजी घ्यायची ती मोजताना. पट्टी मध्यापासून २ सेंमी सरकली, तर याच वर्तुळाचा व्यास ४१.८ भरतो आणि क्षेत्रफळ सुमारे १३ चौ. सेंमी कमी येतं. पायचे दशांश कितीही वाढवले तरी ही तूट भरून निघत नाही. व्यासात एक टक्का चूक झाली की क्षेत्रफळात जवळपास दोन टक्के होते. म्हणून पट्टीचं शून्य कडेच्या एका बिंदूवर घट्ट धरा, दुसरं टोक हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरवा आणि सर्वांत मोठं माप टिपा. मग काटकोनात वळून पुन्हा मोजा. दोन मापं जुळली नाहीत, तर आकार पुरता गोल नाही. तो लांबट असेल तर वर्गाऐवजी सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड मापाचा गुणाकार घ्या, पुढचं गणित तेच.

कागदावरच्या वर्तुळासाठी आणखी सोपी युक्ती आहे. दुसऱ्या कागदाचा काटकोनी कोपरा परिघावर टेकवा. त्याच्या दोन कडा वर्तुळाला जिथे छेदतात, ते बिंदू जोडले की तो व्यासच. जाड वस्तूला पट्टी लावता येत नसेल, तर भोवती दोरा गुंडाळून परीघ मोजा आणि ३.१४१६ ने भागा.

एककं आधीच एकसारखी करून घ्या. १ सेंमी म्हणजे १० मिमी, पण १ चौ. सेंमी म्हणजे १०० चौ. मिमी, त्यामुळे उत्तर नंतर बदलताना १० ने भागून चालत नाही. नळीच्या बाबतीत आतली पोकळी हवी असेल तर आतला व्यास घ्या. बाहेरचाच मोजता येत असेल, तर त्यातून जाडी दोनदा वजा करा, कारण ती दोन्ही बाजूंना असते.